‘कापूस’ की ‘पऱ्हाटी’?

आमच्या वर्ध्याकडचं दुसरीतलं एक पोरगं. कापसाच्या चित्राखाली ‘कापूस’ लिहिलेलं; पठ्ठ्याने ठणठणीत वाचलं, “पऱ्हाटी!” चित्र झाकलं, तर गप्प. म्हणजे वाचन नव्हतंच, अंदाज होता. मुळाक्षरं मात्र क ते ज्ञ घडाघडा पाठ!

१९३७ साली याच वर्ध्याच्या परिषदेतून गांधीजींची नई तालीम, म्हणजे कामातून शिक्षणाची कल्पना, पुढे आली. लिहिण्याआधी मुलाने अक्षर चित्रासारखं ओळखावं, असं गांधीजी म्हणत. पण ओळखण्यापुढे जोडणं येतं, आणि गाडी तिथेच अडते. ‘मिरची’तली पहिली वेलांटी दिसते आधी, उच्चारायची नंतर. ‘चाक’ आणि ‘चार’मधले च वेगळे, अक्षर एकच. ‘कमळ’मधला ळ लिहायला पूर्ण, उच्चाराला तोडका. आपल्याला हे जाणवतही नाही, पोराला प्रत्येक ठिकाणी ठेच.

म्हणून सगळी वर्णमाला संपायची वाट बघू नका. क, म, ल, र आणि काना एवढ्यावर काम, माल, कमाल, रमा होतात. आधी तोंडी खेळा: ‘काम’मधला का काढून ना घाला, काय झालं? मग अक्षरपट्ट्या सरकवा. फलटणला शिक्षणतज्ज्ञ मॅक्सीन बर्नसन यांनीही थोडी अक्षरं, थोड्या मात्रा आणि लगेच शब्द अशीच वाट धरली.

आमच्या पठ्ठ्याने परवा चित्राशिवाय ‘कमाल’ वाचलं. नंतर स्वतःच पट्ट्या सरकवून ‘कलमा’ केलं आणि विचारलं, “हे काय असते जी?”