कालबाह्य संगणक कार्यप्रणालीचा सुरक्षित वापर : महाविद्यालयीन संदर्भात एक विवेचन

प्रस्तावना :
संगणकाच्या यंत्रसामग्रीवर नियंत्रण ठेवणारी व इतर सर्व सॉफ्टवेअरला आधार देणारी मूलभूत प्रणाली म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिम होय. मायक्रोसॉफ्टने विंडोज एक्सपीचे साहाय्य ८ एप्रिल २०१४ रोजी, विंडोज ७ चे १४ जानेवारी २०२० रोजी आणि विंडोज १० चे सर्वसाधारण साहाय्य १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबविले. तथापि साहाय्य संपले म्हणून संगणक बंद पडत नाही. प्रयोगशाळेतील एखादे उपकरण जुन्याच प्रणालीवर चालते. श्रीलिपी किंवा आयएसएममध्ये टंकलिखित केलेले जुने दस्तऐवज त्याच संगणकावर उघडतात. नव्या खरेदीसाठी निधी नसतो. अशा परिस्थितीत जुनी प्रणाली कोणत्या मर्यादेत वापरावी, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

धोक्याचे स्वरूप :
प्रत्येक कार्यप्रणालीत काही दोष राहून गेलेले असतात. ते आढळल्यावर कंपनी पॅच, म्हणजेच सुरक्षा-दुरुस्ती, प्रसृत करते. साहाय्य संपल्यावर ही दुरुस्ती थांबते, दोष मात्र राहतात. शिवाय नव्या प्रणालीसाठी निघालेल्या पॅचचा अभ्यास करून तोच दोष जुन्या प्रणालीत शोधता येतो. म्हणजेच काळ जाईल तसा धोका वाढत जातो. अँटिव्हायरस ज्ञात विषाणू ओळखतो. प्रणालीतील मूळ दोष तो दुरुस्त करू शकत नाही.

मे २०१७ मधील वॉनाक्रायचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. फाइल-देवाणघेवाणीच्या एसएमबी या सेवेतील दोषाचा फायदा घेऊन हा विषाणू एका संगणकावरून दुसऱ्यावर आपोआप पसरला व फाइली कुलूपबंद करून खंडणी मागू लागला. इंग्लंडच्या राष्ट्रीय आरोग्य सेवेला रुग्णांच्या हजारो नियोजित भेटी रद्द कराव्या लागल्या. विशेष म्हणजे बाधित संगणकांपैकी बहुतेक विंडोज ७ चे होते व त्यासाठीचा पॅच मार्च २०१७ मध्येच उपलब्ध झाला होता. पॅच असूनही न बसविणे आणि पॅच नसणे यांचा परिणाम एकच होतो. पुढे जून २०१७ मध्ये नॉटपेट्याच्या हल्ल्यात जवाहरलाल नेहरू बंदरातील एका टर्मिनलचे कामकाजही विस्कळीत झाले.

सुरक्षित वापराचे उपाय :
१) जुना संगणक इंटरनेटपासून व शक्यतो महाविद्यालयाच्या अंतर्गत नेटवर्कपासूनही अलग ठेवावा. हा सर्वांत परिणामकारक उपाय होय.
२) नेटवर्क अपरिहार्य असल्यास फायरवॉल चालू ठेवावी व एसएमबीची पहिली आवृत्ती बंद करावी.
३) दैनंदिन कामासाठी प्रशासक खात्याऐवजी मर्यादित अधिकारांचे खाते वापरावे.
४) पेन ड्राइव्हचे ऑटोरन बंद करावे, पेन ड्राइव्ह अद्ययावत संगणकावर तपासूनच जोडावा.
५) ई-मेल, बँकेचे व्यवहार, परीक्षेचे गुण व विद्यार्थ्यांची वैयक्तिक माहिती या संगणकावर हाताळू नये. क्रोमची विंडोज ७ वर चालणारी शेवटची आवृत्ती १०९ असून ती २०२३ च्या आरंभीची आहे. म्हणजे तेथे ब्राउझरही जुनाच राहतो.
६) महत्त्वाच्या फाइलींच्या किमान दोन अतिरिक्त प्रती ठेवाव्यात; त्यांपैकी एक संगणकापासून विलग असावी. जोडलेली प्रत खंडणी-विषाणू कुलूपबंद करू शकतो.
७) जुन्या फॉन्टमधील मजकूर टप्प्याटप्प्याने युनिकोडमध्ये रूपांतरित करावा, जेणेकरून जुन्या संगणकावरील अवलंबित्व संपेल.

पर्याय :
केवळ लेखन-वाचनाचे काम असल्यास त्याच यंत्रावर लिनक्सची साहाय्य चालू असलेली, हलकी आवृत्ती बसविता येते. तिला परवाना शुल्क नसते. जुने सॉफ्टवेअर आवश्यकच असल्यास ते अद्ययावत संगणकावर आभासी यंत्रात, नेटवर्क न जोडता, चालविता येते.

समारोप :
वरील उपायांनी धोका कमी होतो, नाहीसा होत नाही. म्हणून प्रत्येक विभागाने आपल्या संगणकांची प्रणाली, साहाय्य-समाप्तीची तारीख व त्यावरील माहिती यांची नोंदवही ठेवणे आवश्यक आहे. जडसंग्रह नोंदवहीत यंत्राची किंमत नोंदलेली असते. परंतु त्यातील विद्यार्थ्यांच्या माहितीचे मोल तेथे नोंदले जात नाही. ती माहिती महाविद्यालयाकडे विश्वासाने सोपविलेली असते, याचे भान ठेवूनच जुन्या संगणकाचा वापर व्हावा.