सरकीच्या सालीवरची पेशी

मानवतच्या बाजारात कापसाची गाडी आली की व्यापारी चिमूटभर कापूस उपटतो, दोन्ही हातांच्या चिमटीत धरून ताणतो आणि धाग्याची लांबी जोखतो. त्याच्या बोटांत असतात त्या पेशी. कापसाचा एकेक तंतू ही सरकीच्या सालीवर वाढलेली एकच पेशी असते. रुंदी जेमतेम 20 मायक्रोमीटर, लांबी मात्र अडीच-तीन सेंटिमीटर. पेशी बघायला सूक्ष्मदर्शकच हवा असे शिकलेल्या मुलांना हे जरूर दाखवावे.

फूल उमलते त्या सुमारास बीजांडाच्या बाहेरच्या थरातल्या पेशी एकसारख्याच दिसतात. गुणसूत्रांचा संचही सगळ्यांकडे तोच. तरी त्यांतल्या साधारण चौथा हिस्सा पेशी फुगून वर येतात आणि तंतू होतात. उरलेल्यांची साल होते. तंतू होणाऱ्या पेशींत ‘एमवायबी’ गटातली काही प्रथिने ठरावीक जनुके चालू करतात, तिथून वाटा वेगळ्या होतात. आपल्या शरीरातही असेच घडते. यकृताची पेशी आणि मेंदूतली पेशी यांच्याकडे जनुके तीच, चालू असतात ती वेगवेगळी. रक्तातली तांबडी पेशी तर तयार होताना आपले केंद्रकच बाहेर टाकते आणि हिमोग्लोबिनने भरून जाते.

तंतूची लांबी पहिल्या अडीच-तीन आठवड्यांत ठरते. पेशीच्या पोटातल्या पोकळीत साखर, पोटॅशियम आणि पाणी साठते. त्या दाबाने मऊ भिंत ताणली जाते, पेशी लांबत जाते. म्हणून बोंडे भरताना पावसाने ओढ दिली की धागा आखूड राहतो. पुढे भिंतीवर आतून सेल्युलोजचे थर चढतात आणि शेवटी पेशी मरते. बोंड फुटल्यावर ती पोकळ नळी वाळून चपटी होते, तिला पीळ पडतो. या पिळामुळेच तंतू एकमेकांना धरतात आणि सूत निघते.

देशी कापूस कोरडवाहू रानात तग धरतो, पण त्याचा धागा आखूड आणि जाड, म्हणून गिरण्यांना नको असायचा. परभणीच्या कृषी विद्यापीठात ‘पीए 255’सारखे लांब धाग्याचे देशी वाण निघाले, ही मला फार मोठी गोष्ट वाटते. पाण्याची खात्री नसलेल्या शेतकऱ्याला चिवट झाड आणि बाजारात चालणारा धागा, दोन्ही एकाच बियाण्यात हवे असतात.