झाडाची जखम आणि जंतूचीं शस्त्रें

गुलाबाच्या, द्राक्षाच्या किंवा पीचच्या रोपाच्या बुंध्याशीं, माती आणि खोड जेथें मिळतात त्या जागीं, कधीं कधीं एक ओबडधोबड गांठ दिसूं लागते. प्रथम ती वाटाण्याएवढी असते. पुढें लिंबाएवढी, क्वचित् मुठीहूनहि मोठी होते. झाड एकाएकीं मरत नाहीं. पण त्याचा जोम ओसरतो, आणि रोप कोंवळें असल्यास तें खुरटतें. इंग्रजींत या रोगास ‘क्राउन गॉल’ म्हणतात. आपण त्यास बुंध्याची गांठ म्हणूं. तिचें मूळ शोधतां शोधतां शास्त्रज्ञांच्या हातीं असें एक रहस्य लागलें कीं, त्यायोगें ‘रोगजंतु’ या शब्दाविषयींची आपली समजूतच बदलावी. तें वाचकांपुढें मांडण्याचें आम्हीं येथें योजिलें आहे.

१९०७ सालीं अमेरिकेच्या शेतकी खात्यांतील अर्विन स्मिथ व टाउन्सेंड या दोघांनीं ही गांठ एका सूक्ष्म जंतूमुळें होते असें सिद्ध केलें. हा जंतु मातींत राहतो. त्याचें आजचें नांव ‘ॲग्रोबॅक्टेरियम’. येथवर नवल कांहीं नव्हतें. नवल पुढेंच आलें. १९४० नंतरच्या दशकांत आर्मिन ब्राउन या संशोधकानें आपल्या परिचयाच्या सदाफुलीवर प्रयोग केले. सदाफुलीस जी उष्णता सोसते ती या जंतूस सोसत नाहीं. रोगाचा अंकुर धरल्यावर ब्राउन यानें सदाफुलीस सुमारें ४६ अंश सेंटिग्रेड उष्णता देऊन आंतील जंतू मारून टाकले. चोर मेला म्हणजे चोरी थांबावी. पण गांठ वाढतच राहिली! जंतु आपल्यामागें असें कांहीं तरी ठेवून गेला होता कीं, त्यानें झाडाच्या पेशीच बहकल्या होत्या.

तें ‘कांहीं तरी’ काय, हें कळण्यास आणखी तीस वर्षें जावीं लागलीं. याच जातीचे कित्येक जंतू अगदीं निरुपद्रवी असतात. १९६९ सालीं ऑस्ट्रेलियांतील ॲलन कर नांवाच्या शास्त्रज्ञांस असें आढळलें कीं, एकाच झाडावर रोगकारक जंतूच्या सहवासांत राहिलेला निरुपद्रवी जंतुहि रोगकारक बनतो. ढवळ्याशेजारीं पवळ्या बांधला, वाण नाहीं पण गुण लागला, त्यांतलाच हा प्रकार. पण हा गुण लागतो कोणत्या वाटेनें? १९७४ सालीं बेल्जममधील गेंट येथें शेल, व्हान माँटॅग्यू व त्यांचे सहकारी यांनीं त्याचा माग काढला. जंतूचा मुख्य आनुवंशिक लेख त्याच्या गुणसूत्रांत असतो. परंतु रोगकारक जंतूपाशीं त्याखेरीज डीएनएचें एक वेगळें, मोठें कडें सांपडलें. अशा कड्यास प्लास्मिड म्हणतात. तें गेलें तरी जंतु जगतो, वाढतो. जाते ती केवळ रोग करण्याची शक्ति. कडें परत मिळालें कीं तीहि परत येते. मग १९७७ सालीं मेरी-डेल चिल्टन व त्यांच्या सहकाऱ्यांनीं अमेरिकेंत सिएटल येथें दाखवून दिलें कीं, या कड्याचा एक तुकडा झाडाच्या पेशींत शिरतो आणि तेथील डीएनएमध्यें कायमचा जाऊन बसतो. सदाफुलीचें कोडें उलगडलें तें असें.

हा तुकडा करतो तरी काय? त्यावरील कांहीं जनुकें झाडाकडून ऑक्झिन व सायटोकायनिन हीं वाढीचीं द्रव्यें बेसुमार तयार करवितात. म्हणून गांठ उठते. दुसरीं कांहीं जनुकें ‘ओपाइन’ जातीचीं द्रव्यें करवून घेतात. हीं झाडाच्या उपयोगाचीं नाहींत. पण जंतूस तें आयतें अन्न होय. संस्कृतांत कोकिळेस ‘परभृत’ म्हणतात, कारण तिचें पोर कावळीण पोसते. कोकिळा निदान अंडेंच ठेवून जाते. हा जंतु आपला स्वैंपाक करण्याची आज्ञाच दुसऱ्याच्या घरांत लिहून ठेवतो.

पण आम्हांस सर्वांत विचार करण्याजोगी वाटली ती गोष्ट याहून निराळी आहे. ही सर्व शक्ति अंगीं असतांहि जंतु ती सदासर्वदा वापरीत नाहीं. अज्ञातवासांत पांडवांनीं आपलीं शस्त्रें शमीवर बांधून ठेविलीं होतीं. त्याप्रमाणें या जंतूचीं शस्त्रजनुकें एरव्हीं जवळजवळ निद्रिस्त असतात. शस्त्रें परजलेलीं ठेवण्यास शक्ति खर्चावी लागते, आणि निष्कारण खर्च करणारा मातींत टिकत नाहीं. मग त्यांस जागें कोण करतें? जखमी झाड स्वतःच. १९८५ सालीं गेंटच्याच संशोधकांनीं तंबाखूच्या जखमी पेशींतून पाझरणारें ‘ॲसिटोसिरिंगोन’ नांवाचें द्रव्य ओळखून काढलें. जंतूच्या आवरणांत एक प्रथिन देवडीवरील पहारेकऱ्यासारखें असतें. या द्रव्याची चाहूल लागतांच तें आंतील दुसऱ्या प्रथिनास इशारा देतें, आणि तें दुसरें प्रथिन शस्त्रजनुकें चालू करतें. जखमेंतील साखर व आंबटपणा यांनीं हा इशारा अधिकच बळावतो.

एवढ्यानेंहि नियमन संपत नाहीं. कडें शेजाऱ्यास देण्याची क्रियाहि अशीच कुलपांत असते. गांठींतील ओपाइन मिळूं लागलें, आणि आसपास आपले भाईबंद पुरेसे जमल्याची रासायनिक खूण पटली, म्हणजेच जंतु कड्याची प्रत दुसऱ्याच्या हवालीं करतो. पवळ्यास गुण लागतो, तोहि वेळकाळ पाहून!

हें ज्ञान केवळ कौतुकाचें नव्हे. रोगास आमंत्रण जखमेचें आहे, हें एकदां कळलें म्हणजे माळ्याचें कर्तव्य उघड होतें. खुरपें बुंध्यास लागूं न देणें, कलमाचा चाकू निर्जंतुक करणें, गांठाळ रोप बागेंत न आणणें, हे साधे उपाय मोलाचे ठरतात. कारण एकदां बसलेली आज्ञा पेशींतून पुसतां येत नाहीं. ॲलन कर यांनीं आणखी एक युक्ति काढली. लावणीपूर्वीं रोपांचीं मुळें त्यांनीं याच कुळांतील एका निरुपद्रवी जंतूच्या पाण्यांत बुडविलीं. हा जंतु एक विष तयार करतो, आणि तें विष ओपाइनच्या एका जातीसारखें भासतें. रोगजंतु ज्या दारानें अन्न आंत घेतो त्याच दारानें तें आंत जाऊन त्याचा घात करतें. सर्वच रोगजंतूंवर हा उपाय चालत नाहीं. तरी ऑस्ट्रेलियांतील बागाईतदार १९७३ पासून त्याचा लाभ घेत आले आहेत.

दुसरीकडे शास्त्रज्ञांनीं या जंतूसच कामास जुंपलें. त्याच्या तुकड्यांतील गांठ उठविणारीं जनुकें काढून तेथें हवें तें जनुक घातलें, तरी जंतु तें इमानानें झाडांत पोंचवितो. भारतांत २००२ सालीं परवानगी मिळालेल्या, आणि विदर्भ-मराठवाड्याच्या शेतांत सर्वत्र पसरलेल्या बीटी कापसाच्या मुळाशीं हीच युक्ति होती. ‘परक्याचें जनुक’ हे शब्द कानीं पडतांच पुष्कळांच्या कपाळास आठी पडते. शंका घेणें गैर नाहीं. प्रत्येक नव्या बियाण्याची परीक्षा झालीच पाहिजे. पण परकें तेवढें विटाळलेलें, असें मानणाऱ्यांनीं आपलें उपवासाचें ताट एकदां न्याहाळावें. २०१५ सालीं प्रसिद्ध झालेल्या संशोधनांत लागवडीच्या रताळ्यांचे २९१ नमुने तपासले गेले; त्या सर्वांच्या डीएनएमध्यें याच कुळांतील जंतूनें फार पूर्वीं घातलेला तुकडा निघाला. कोणा प्रयोगशाळेचा त्यास हात लागलेला नव्हता. अमेरिका खंडांतील प्राचीन शेतकऱ्यांनीं तें रताळें निवडलें, वाढविलें, आणि पुढें सातासमुद्रांपलीकडून येऊन तें आपल्या एकादशीस पावन झालें. आपल्या आज्या-पणज्यांनीं सोवळ्यांत उकडून तेंच देवापुढें ठेविलें. आणि देवानें तें परत केल्याचें आमच्या ऐकिवांत नाहीं.