टीव्हीवर चित्र कां येत नाहीं?

मी पेशानें शाळामास्तर. शिक्षण मॅट्रिकपर्यंत, उभा जन्म खडू आणि फळा यांच्या सहवासांत गेला. अशा माणसानें मोबाईलवरील चित्र बिनतारी मार्गानें टीव्हीवर कसें न्यावें याविषयीं चार शब्द बोलावे, हें कित्येकांस चमत्कारिक वाटेल. पण ही विद्या मीं हौसेनें नव्हे, एका हळहळीपोटीं संपादन केली आहे.

दोन वर्षांपूर्वीं दिवाळीच्या सुमारास मेलबर्न येथें माझ्या नातीचें बारसें होतें. तेथील सकाळचे ११ म्हणजे आपल्याकडील पहाटेचे साडेपांच. माझ्या आईचें वय त्या वेळीं ८९. मोबाईलच्या वीतभर कांचेवर तिला माणूस ओळखूं येत नाहीं. म्हणून समारंभ टीव्हीवर दाखवावा असें आम्हीं योजिलें. आई पहाटे चारलाच उठून, स्नान करून, नवें लुगडें नेसून खुर्चींत येऊन बसली. मोबाईलवर पाळणा स्वच्छ दिसत होता; परंतु मोबाईलच्या यादींत आमच्या टीव्हीचें नांवच उमटेना. टीव्ही बंद केला, चालू केला. मोबाईल बंद केला, चालू केला. जो तो आपापली अक्कल लढवूं लागला. तेवढ्यांत तिकडे नांव ठेवून झालें. पणतीचें नांव आईनें कानांनीं ऐकलें. पाळण्यांतलें पोर मात्र तिला दिसलें नाहीं.

मागाहून शोध केला तेव्हां कारण अगदीं क्षुल्लक निघालें. टीव्ही बसविणाऱ्या गृहस्थानें तो राउटरवरील पाहुण्यांसाठीं राखलेल्या, म्हणजे ‘गेस्ट’ या नांवाच्या वाय-फायला जोडला होता. आमचे मोबाईल मुख्य वाय-फायवर. दोहोंस इंटरनेट उत्तम मिळत होतें, म्हणून संशय कोणासच आला नाहीं.

येथेंच सारी ग्यानबाची मेख आहे. इंटरनेट चालणें निराळें आणि घरांतील दोन उपकरणांनीं एकमेकांस ओळखणें निराळें. आपण ‘कास्ट’चें चिन्ह दाबतों तेव्हां मोबाईल घरांतील जाळ्यावर पुकारा करतो: ‘येथें चित्र दाखविणारें कोणी आहे काय?’ हा पुकारा एकट्या टीव्हीला उद्देशून नसतो, बहुधा २२४.०.०.२५१ या सामायिक पत्त्यावर तो सर्वांसाठीं केलेला असतो. वर्गांत हजेरी घ्यावी तसेंच हें. टीव्हीनें ‘हजर’ म्हटलें तरच त्याचें नांव यादींत येतें. विद्यार्थी शेजारच्या वर्गांत बसला असेल, तर तो शाळेंत असूनही गैरहजर. पाहुण्यांचें वाय-फाय म्हणजे हा शेजारचा वर्ग. कित्येक राउटरांत याहूनही कडक शिस्त असते: मुलांनीं फक्त मास्तरांशीं बोलावें, आपसांत बोलूं नये. हिला ‘आयसोलेशन’ म्हणतात. वसतिगृहांत किंवा हॉटेलांत ती योग्यच. घरच्या मुख्य वाय-फायवर मात्र ती काढून टाकावी.

तेव्हां नांव दिसत नसेल तर प्रथम दोन्हीं उपकरणांच्या सेटिंग्जमध्यें वाय-फायचें नांव अक्षरशः ताडून पाहावें. नंतर दोहोंचा आयपी पत्ता पाहावा. मोबाईलचा १९२.१६८.१.५ आणि टीव्हीचा १९२.१६८.१.९ असेल, तर सामान्यतः दोन्हीं एकाच वर्गांत आहेत. तिसरा आंकडा निराळा निघाला तर बहुधा वर्ग निराळा. कंपनीनें दिलेल्या फायबरच्या पेटीला आपण बाजारांतून आणलेला दुसरा राउटर जोडला, म्हणजे असे दोन वर्ग नकळत तयार होतात. दुसऱ्या राउटरला ‘ॲक्सेस पॉइंट’ या पद्धतीवर ठेवलें कीं मधली भिंत पडते. २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ हीं मात्र बहुतेक घरांत एकाच वर्गाचीं दोन दारें असतात. त्यांना उगाच दोष देऊं नये.

मोबाईलवर व्हीपीएन चालू असेल तर घरांतला हा पुकारा घरांत पोंचत नाहीं, असें पुष्कळदां होतें. तें बंद करून पाहावें. आयफोनवर २०२० पासून ॲपला ‘लोकल नेटवर्क’ची परवानगी मागावी लागते, घाईघाईनें ‘नको’ म्हटलें असेल तर त्या ॲपला टीव्ही दिसणार नाहीं. आणि मोबाईल वाय-फाय सोडून डेटावर तर गेला नाहीं ना, हेंही पाहावें. आमच्या घरीं हा प्रमाद दोनदां घडला आहे.

नांव दिसतें पण चित्र अडखळतें, अशी तक्रार असेल तर विचार निराळा. कास्ट करणें आणि आरसा धरणें यांत भेद आहे. यूट्यूबवरील चित्रपट कास्ट केला म्हणजे मोबाईल फक्त पत्ता सांगतो; चित्र टीव्ही स्वतःच इंटरनेटवरून आणतो. मोबाईलचा पडदा मिटला तरी खेळ चालूच. आरशांत, म्हणजे स्क्रीन मिररिंगमध्यें, पडद्यावरील प्रत्येक हालचाल मोबाईलला क्षणोक्षणीं पाठवावी लागते. बारशासारखा व्हिडिओ कॉल बहुधा असाच दाखवावा लागतो. त्यासाठीं ५ गिगाहर्ट्झ बरें, आणि राउटर त्याच खोलींत असल्यास उत्तम. २.४ च्या लहरी भिंती अधिक चांगल्या ओलांडतात, पण तेथें शेजाऱ्यांचे राउटर, ब्लूटूथ आणि मायक्रोवेव्ह यांची गर्दी. २०१२ मध्यें आलेल्या मिराकास्ट पद्धतींत तर मोबाईल टीव्हीशीं राउटरवांचून थेट बोलतो. आयफोनला ती नाहीं, त्याची एअरप्ले ही पद्धत निराळी.

बंद-चालू करावयाचें तर राउटर आधीं, दोन मिनिटें थांबून मग टीव्ही; तोही रिमोटनें नव्हे, भिंतीवरील बटणानें. उपकरणाची सारी स्मृति पुसून टाकण्याची घाई मात्र करूं नये. मार्च २०२५ मध्यें दुसऱ्या पिढीचीं क्रोमकास्ट उपकरणें एकाएकीं बंद पडलीं. त्यांतील एका प्रमाणपत्राची मुदत संपली होती. घरच्या जाळ्याचा कांहींएक दोष नव्हता. ज्यांनीं धीर धरला त्यांचीं उपकरणें गूगलनें पाठविलेल्या दुरुस्तीनें चालूं लागलीं. ज्यांनीं सारें पुसलें त्यांना अधिक खटाटोप पडला.

पुढें वैशाखांत त्याच नातीचें उष्टावण झालें. आदल्या दिवशीं टीव्ही मुख्य वाय-फायला जोडून मीं दोनदां तालीम केली होती. पोर टीव्हीवर हातभर मोठें दिसलें. चित्र आणि आवाज टीव्हीवर गेले तरी कॅमेरा आणि माईक मोबाईलचेच राहतात, हें मात्र माझ्या ध्यानीं आलें नव्हतें. आई टीव्हीकडे पाहून पणतीशीं बोलत होती, आणि मेलबर्नला त्यांना दिसत होता आमच्या छताचा पंखा. मग मोबाईल टेबलावरून उचलून टीव्हीच्या पायाशीं उभा केला. आतां ती त्याची ठरलेली जागा आहे.