काल्दो त्लाल्पेन्यो : अर्ध्या-पाऊण तासाचं सूप

मेक्सिको सिटीच्या दक्षिणेला त्लाल्पान हा भाग आहे. हे चिकनचं सूप त्याच्याच नावाने ओळखलं जातं. चिकन, काबुली चणे, गाजर हे सगळं आहेच, पण खरी मजा चिपोत्लेत. पिकून लाल झालेली हालापेन्यो मिरची लाकडाच्या धुरावर वाळवली की चिपोत्ले तयार होते. ती मिळाली नाही तर भिजवलेली ब्याडगी वाटा आणि चिमूटभर स्मोक्ड पॅप्रिका घाला. नुसत्या लाल तिखटाला तो धुरकट वास येत नाही.

कांदा-लसूण परतून टोमॅटो आणि मिरचीचं वाटण तेल सुटेपर्यंत परता. कितीही घाई असली तरी इथे थांबाच. मग 300 ग्रॅम बोनलेस चिकन (शक्यतो मांडीचं, छातीचं लवकर कोरडं पडतं), गाजर, वाटीभर शिजलेले चणे आणि लिटरभर स्टॉक घालून मंद आचेवर 20 मिनिटं ठेवा. मेक्सिकोत यात एपाझोते हा उग्र वासाचा पाला पडतो. आपली कोथिंबीर चालते, चव मात्र वेगळी लागते. अव्होकाडोच्या फोडी वाढताना वाडग्यातच घाला, शिजवल्या की कडवटतात. लिंबू ज्याने त्याने आपापलं पिळावं.