दुरुस्ती झाली, पण कुणासाठी?

रॉकेटशास्त्रज्ञ रॉबर्ट गोडार्ड यांना शाळकरी पोरांना येते तेवढेही पदार्थविज्ञान येत नाही, असे 'न्यूयॉर्क टाइम्स'ने १३ जानेवारी १९२० च्या अंकात हिणवले. निर्वात पोकळीत रेटा द्यायला काहीच नसते, मग रॉकेट पुढे जाईल कसे, असा लिहिणाऱ्याचा युक्तिवाद होता. ही चूक त्या दैनिकाने कबूल केली १७ जुलै १९६९ रोजी, म्हणजे 'अपोलो ११' चंद्राच्या वाटेवर असताना. गोडार्ड १९४५ सालीच वारले होते. ब्लॉगच्या कैवाऱ्यांना असे दाखले फार आवडतात, कारण त्यांच्या हाती उलट दाखलाही आहे. ८ सप्टेंबर २००४ रोजी 'सीबीएस' वाहिनीने राष्ट्राध्यक्ष बुश यांच्या लष्करी सेवेविषयीची काही कागदपत्रे दाखवली. ही अक्षरवळणे १९७० च्या दशकातल्या टंकलेखन यंत्राची वाटत नाहीत, अशी शंका इंटरनेटवर काही तासांतच निघाली आणि ब्लॉगांनी ती लावून धरली. कागदपत्रांच्या खरेपणाची खात्री देता येत नाही, हे मान्य करायला वाहिनीला २० सप्टेंबर उजाडला.

पण या प्रसंगात ब्लॉगांनी चूक पकडली ती दुसऱ्याची. स्वतःची चूक दुरुस्त करणे हे निराळे काम आहे आणि तिथे नुसता वेग पुरत नाही. छापून गेलेला अंक परत बोलावता येत नाही, म्हणून दैनिकाला दुरुस्ती वेगळी छापावी लागते. ती बहुधा आतल्या पानावरच्या इवल्याशा चौकटीत येते आणि मूळ बातमी वाचणाऱ्याच्या नजरेस पडेलच असे नाही. तीही क्वचितच येते. ओरेगन विद्यापीठाच्या स्कॉट मायर यांनी दहा अमेरिकी दैनिकांतल्या बातम्या, त्या बातम्यांत ज्यांचा उल्लेख होता त्यांच्याकडूनच तपासून घेतल्या. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात तथ्याची चूक निघालेल्या बातम्यांपैकी दोन टक्क्यांचीही दुरुस्ती छापलेली आढळली नाही. वृत्तपत्रांच्या बाजूने बोलणाऱ्याने हा आकडा आधी पचवायला हवा.

तरीही छापील चुकीचा एक गुण आहे: ती लपवता येत नाही. १९२० चा तो अंक संग्रहात जसाच्या तसा आहे, म्हणून तर आज टाइम्सची थट्टा करता येते. ब्लॉगवर चूक जिथल्या तिथे सुधारते आणि उद्याच्या वाचकाला थेट बरोबर मजकूर मिळतो, ही मोठीच सोय. मात्र ज्याने काल चुकीचे वाचले आणि चार जणांना पाठवले, त्याला काही बदलल्याचा पत्ताही नसतो. प्रामाणिक ब्लॉगलेखक जुन्या वाक्यावर आडवी रेघ मारून खाली तारखेसह खुलासा देतो. पण तो त्याचा भलेपणा झाला. त्याच्या जागी दुसरा कोणी गुपचूप शब्द बदलून मोकळा होतो, आणि त्याला विचारणारे कोणी नसते. जुनी पाने जपणारी 'इंटरनेट आर्काइव्ह'सारखी संस्था आहेच की, असे यावर म्हटले जाईल. आहे खरी, पण ती अधूनमधून टिपलेल्या प्रती ठेवते, आणि त्या उघडून पाहायला आधी शंका तर यायला हवी.

भारतीय प्रेस कौन्सिलच्या आचारसंहितेत चूक आढळल्यास ती तत्परतेने आणि ठळकपणे सुधारावी, असे म्हटले आहेच. पण कौन्सिलला दंड करण्याचा अधिकार नाही, तेव्हा नियमापेक्षा व्यवस्था जास्त उपयोगी पडते. 'गार्डियन'ने १९९७ साली इयन मेझ यांना, तर 'द हिंदू'ने २००६ साली के. नारायणन यांना वाचक-संपादक नेमले. बातमी लिहिणाऱ्याहून वेगळ्या माणसाच्या हाती दुरुस्तीचा रकाना गेला. एकट्याने चालवलेल्या ब्लॉगवर लेखक, संपादक आणि न्यायाधीश एकच असतो; मनात आणले तरी तिथे हे जमणे कठीण.

खरी पंचाईत दैनिकांच्या संकेतस्थळांवर आहे. तिथे मजकूर ब्लॉगसारखा केव्हाही बदलता येतो, पण मथळ्यावर शंभर वर्षांच्या नावाची पत असते, म्हणून वाचक सहसा शंका घेत नाही. शिवाय छापील अंकात चौकट आली तरी तीच बातमी संकेतस्थळावर खुलाशावाचून तशीच राहू शकते, आणि शोधयंत्रातून येणाऱ्याला सापडते ती तीच.