हसवणाऱ्याला रडू द्याल का?

वाशीच्या विष्णुदास भावे नाट्यगृहावर विनोदी नाटकाचा बोर्ड लागला, की आठवडाभर राबलेली माणसे बायकापोरांसह जातात आणि दोन घटका पोट धरून हसतात. पण तोच हसवणारा नट गंभीर भूमिकेत आला, तर आपण त्याला स्वीकारतो का?

लक्ष्मीकांत बेर्डे यांचेच पाहा. मुंबई मराठी साहित्य संघात नोकरी करता करता ते रंगभूमीवर आले. ‘टुरटुर’ नाटकाने नाव झाले. ‘धूमधडाका’ (१९८५) आणि ‘अशी ही बनवाबनवी’ (१९८८) या चित्रपटांनी त्यांना घराघरांत ‘लक्ष्या’ केले. मग १९९२ साली ‘एक होता विदूषक’ आला. पटकथा पु. ल. देशपांडे यांची, दिग्दर्शन डॉ. जब्बार पटेल यांचे. पुढे २००० साली बाबासाहेबांवरचा चित्रपट पडद्यावर आणला, ते हेच डॉ. पटेल.

यात बेर्डे झाले आबुराव. तमाशातला हा सोंगाड्या सिनेमाचा नट होतो, राजकारणात ओढला जातो. साऱ्या जगाला हसवतो. पण स्वतःच्या लेकीला हसवताना त्याचा कस लागतो. तमाशाचे फड आपल्या कष्टकरी जातींनीच जगवले. पोटाला चिमटा बसला तरी भर फडात पाटील-सावकाराची खोड काढणारा सोंगाड्या आपल्याला परका नाही. बेर्डे यांनी त्याचे दुःख दाखवले. चित्रपटाला मराठीतील सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. तिकीटबारीवर मात्र गर्दी झाली नाही. लोकांना ‘लक्ष्या’च हवा होता! १६ डिसेंबर २००४ रोजी बेर्डे गेले. त्या ताकदीच्या भूमिका त्यांच्या वाट्याला फारशा आल्याच नाहीत.

दिलीप प्रभावळकर यांचे नशीब थोर. दूरदर्शनवरच्या चिमणरावाने हसवले, तर ‘चौकट राजा’मधल्या (१९९१) मतिमंद नंदूने डोळ्यांत पाणी आणले. ‘चला हवा येऊ द्या’मधून हसवणारे भाऊ कदम २०१९ साली ‘नशीबवान’मध्ये सफाई कामगार झाले.

विनोदी नटाला गंभीर भूमिका जमते, यात नवल नाही. विनोदात क्षण अचूक पकडावा लागतो. दुःखाच्या प्रसंगात तोच क्षण तोलून धरावा लागतो. मेहनत एकच.

तेव्हा पुढच्या वेळी आवडता विनोदी नट पडद्यावर गप्प उभा राहिला, तर ‘आता हसवेल’ म्हणून वाट पाहू नका. त्याचे ऐका. त्याने आपल्याला इतकी वर्षे हसवले. त्याच्या दुःखासाठी एक तिकीट आपणही काढू या.